तिरके मास्तरांच्या पाचरी

तीन नोव्हेंबर. आजचं काम म्हणजे छापखान्यातली खिळ्यांची, म्हणजे छापायच्या सुट्या अक्षरांची, कपाटं रिकामी करणं. ग्वाल्हेरच्या नया बाजारातल्या गल्लीतून आमचा छापखाना मागच्या रस्त्यावर जातो आहे. तिथं ऑफसेटचं मशीन बसलं आहे आणि त्याला खिळे लागत नाहीत. शिशाचे खिळे भंगारवाला वजनावर नेणार. लाकडी अक्षरं पाहून मात्र त्यानं नाक मुरडलं. "ये तो हलवाई की भट्टी में जाएँगे, बहनजी. कहो तो साथ में उठा लेंगे." मी म्हटलं, उचल. उद्या सकाळी त्याची हातगाडी येईल. दुपारपासून मी एकेक खण उपसते आहे. सगळ्यांत खालचा खण ओढला तर एका बाजूनं पुढे आला, दुसऱ्या बाजूनं आला नाही, आणि तसाच अडून बसला. तेव्हा आठवलं की हा तिरके मास्तरांचा खण.

तिरके मास्तर स्वतः ओळंबा सोडल्यासारखे सरळ असत. टोपी सरळ, मिशा सरळ, कोटाची बटणं एका रेषेत. पण त्यांच्या हातून उतरलेलं प्रत्येक अक्षर उजवीकडे झुकलेलं. पाटीवरचं असो की पोस्टकार्डावरचं, ते कुठंतरी जायच्या घाईत असे. घरातल्या डब्यांवरची नावंही त्यांनीच रंगवली होती. त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकू, म्हणत, "आमच्याकडं मीठसुद्धा गाडी पकडायला निघालेलं असतं." मास्तरांचं खरं आडनाव काकूंना आणि पोस्टमनला ठाऊक होतं. पुढं पोस्टमनही विसरला.

त्यांचे पूर्वज फौजेबरोबर दक्षिणेतून ग्वाल्हेरला आले होते आणि तिरकेपणाचं मूळ तिथं आहे असं मास्तर सांगत. "सरळ भाला धरतो तो पहारेकरी. तिरका धरतो तो चढाईवर निघालेला. आमच्या घराण्यात पहारेकरी नव्हते."

माझे वडील, म्हणजे नाना, प्रुफातून मान वर न काढता म्हणत, "तुमच्या आजोबांकडं तबेला होता, मास्तर. तुम्हीच सांगितलं होतं."

"मग काय झालं? घोडासुद्धा पळतानाच पुढं झुकतो, नाना."

मास्तर मुळात संस्थानच्या एका खात्यात पाट्या रंगवायला होते. संस्थान विलीन झालं, मध्य भारत नावाचं नवं राज्य आलं, आणि सगळ्या कचेऱ्यांच्या पाट्या बदलायचं काम निघालं. मास्तरांनी सगळ्या पाट्या तिरक्या काढल्या. नवे साहेब आले, पाटीकडे मान वाकडी करून पाहिलं आणि म्हणाले की कचेरी घसरून पडणार असं वाटतं. मास्तर म्हणाले, "साहेब, जे सरकार थंडीत ग्वाल्हेरला आणि उन्हाळा लागला की इंदूरला जातं, त्याची पाटी सरळ कशी काढायची?" त्या वर्षी पुष्कळ जणांना नव्या नोकरीत सामावून घेतलं. मास्तरांना घेतलं नाही. ते थेट आमच्या छापखान्यात आले आणि नानांना म्हणाले, "सरकारचं नशीब. मी तुमच्याकडं आलो आहे."

नानांना ते नको होते असं नाही, पण त्यांची अक्षरं नको होती. नाना सरळ अक्षराचे माणूस. आमचा छापखाना सरकारी कागदांवर चालत असे. अर्ज, हजेरीपट, पावत्या, समन्स. मोठ्या अक्षरांची कामं, म्हणजे भिंतीवर चिकटवायच्या जाहिराती, आमच्याकडे येत नसत, कारण तेवढे मोठे खिळेच नव्हते. मास्तर म्हणाले, मी लाकडात करून देतो. नानांनी होकार दिला तो लाकूड स्वस्त पडतं म्हणून.

मास्तरांचं अक्षर दिसायला कसं होतं, ते सांगते. त्या काळच्या जुन्या पाट्या बोरूच्या वळणाच्या असत. कुठं जाड, कुठं बारीक, शेवटाला टोक काढलेलं. मास्तरांनी ते सगळं तासून टाकलं. सगळीकडे एकच जाडी, टोकं सुरीनं कापल्यासारखी बोथट. वेलांट्या आखूड, मात्रा जाड, आणि उभ्या रेघा शिडीसारख्या कललेल्या. शिडीसारख्या म्हणजे अगदी शिडीसारख्या. भिंतीला शिडी टेकवून पाट्या रंगवण्यात त्यांची उमर गेली होती आणि शेजारी शिडीचा जो कल दिसे तोच त्यांच्या हातात बसला होता. आमच्याकडे पूजेला येणाऱ्या गुरुजींनी पहिला छाप पाहिला आणि विचारलं, "यांचं मुंडण कुणी केलं?" मास्तरांना राग आला नाही. "प्रवासाला निघताना दागिने घरी ठेवतात, गुरुजी."

पहिला संच एका मिस्त्रीकडून कोरून घेतला. मास्तरांनी महिनाभर खपून कागदावर अक्षरं काढून दिली होती. मिस्त्री पोतं घेऊन आला तेव्हा भारी खूश होता. पोत्यातलं प्रत्येक अक्षर सरळ, ताठ, पहाऱ्यावर उभं. "मास्टर साब, आपके सारे अक्षर टेढ़े हो गए थे," तो म्हणाला. "हमने सीधे कर दिए. इसका अलग से कुछ नहीं लेंगे." मास्तर स्टुलावर बसले. नाना म्हणाले, "याला मिठाई द्या." तो सरळ संच नानांनी आनंदानं ठेवून घेतला, पण त्यांच्या गिऱ्हाइकांना एवढी मोठी अक्षरं कधी लागत नसत, म्हणून तो कपाटात पडून राहिला. दुसरा संच कोरताना मास्तर मिस्त्रीच्या ओट्यावर पायावर पाय टाकून बसून राहिले.

दुसऱ्या संचात एक अडचण होती आणि तीच पुढं मास्तरांची सत्ता झाली. साधा खिळा चौकोनी ठोकळ्यावर असतो. तिरकं अक्षर चौकोनी ठोकळ्यावर कोरलं की दोन अक्षरांत मोकळी जागा राहते, दात पडल्यासारखी. म्हणून मास्तरांनी ठोकळेच तिरके कापून घेतले. अक्षरं एकमेकांना खांदा लावून घट्ट बसली. पण आता ओळीच्या दोन्ही टोकांना त्रिकोणी फट राहू लागली आणि लोखंडी चौकटीत ओळ आवळली की सगळी अक्षरं एका बाजूला निसटत. त्या फटींत बसवायला मास्तरांनी शिसवीच्या त्रिकोणी पाचरी करून घेतल्या. पाचरी असल्या तर ओळ बसणार, नसल्या तर नाही. त्या पाचरी मास्तरांनी खाकी कापडाच्या थैलीत घातल्या आणि थैली कोटाच्या आतल्या खिशात.

म्हणजे खण छापखान्याचा, अक्षरं छापखान्याची, पण छापायचं की नाही ते मास्तर ठरवणार. कुस्तीच्या दंगलीला पाचरी लगेच मिळत. सर्कस, टॉकीज, मोटार सर्व्हिस, बर्फाचा गोळा, केसाचं तेल, सगळ्याला होकार. वकिलाला नकार. दवाखान्याला नकार. कंपू मोहल्ल्यातले एक डॉक्टर स्वतः येऊन बसले तरी नाही. "डॉक्टरसाहेब, तिरकी पाटी पाहून रोग्याला वाटेल, आधीच्याला कुणी धक्का मारून बाहेर काढलं." लग्नपत्रिकेलाही नकार, कारण नवरा मुलगा पळून चालल्यासारखा दिसतो. एका गृहस्थांनी वडिलांच्या तेराव्याची पत्रिका याच अक्षरांत हवी म्हणून हट्ट धरला. मास्तरांनी त्यांना पाणी दिलं, बसवलं, आणि विचारलं, "वडील घाईत गेले का?"

"नाही. दोन वर्षं अंथरुणावर होते."

"मग त्यांना आता कशाला पळवता?"

नाना चिडत. आलेलं काम परत जातं म्हणजे काय. एकदा मास्तर जेवायला गेलेले असताना नानांनी पाचरींच्या जागी आईचे सुपारीचे तुकडे ठोकून एक ओळ बसवली. अर्धं पत्रक छापून झालं आणि सुपारी फुटली. सगळी ओळ गंगेला निघाल्यासारखी एका बाजूला गेली. मास्तर परत आले, मशीनवरचा चुरा पाहिला आणि आईला म्हणाले, "वहिनी, पान तुम्ही करता, की हल्ली मशीन करतं?"

ही अक्षरं मोठीच काढायची, हाही त्यांचा नियम. दोन बोटांपेक्षा लहान नाही. "ही हाक मारायला आहेत, गप्पा मारायला नाहीत." आणि छापलेलं प्रत्येक पत्रक तपासायची एक रीत होती. पत्रक गल्लीच्या तोंडाशी भिंतीवर लावायचं. मग गल्लीच्या दुसऱ्या टोकापासून झपाझप चालत यायचं आणि न थांबता वाचून पुढं जायचं. पाय जरा जरी रेंगाळला तर ओळ मोडून पुन्हा जुळवायची. "उभं राहून वाचायची ती पोथी." मॅट्रिकनंतर मी प्रुफं बघायला छापखान्यात बसू लागले, तेव्हा चालण्याचं काम माझ्याकडे आलं. हातात भाजीची पिशवी घेऊन चालायचं, कारण रिकाम्या हाताचा माणूस पत्रक वाचत नाही, तो माणसं बघतो, असं मास्तरांचं मत. गल्लीतल्या बायका आईला विचारत, "तुमची कुसुम दिवसातून इतक्यांदा कुठली भाजी आणते?"

असं चाललं होतं तोवर मध्य भारतही जाणार असं ठरलं. मध्य प्रदेश होणार, राजधानी भोपाळ. कचेऱ्या, फायली, साहेब, शिरस्तेदार सगळे उठून तिकडे. आमच्याकडे येणारे अर्ज आणि हजेरीपट आधी कमी झाले, मग थांबले. कोणत्या नावाचं सरकार छापायचं हेच कुणी सांगेना. गणपती झाले आणि नानांनी जेवताना सांगितलं, "दिवाळीपर्यंत पाहतो. काम आलं नाही तर छापखाना बंद. बिर्ला नगरच्या मिलमध्ये गोदामावर माणूस हवा आहे, मी विचारून आलो." आईनं भात वाढला. मला समजलं की छापखाना बंद म्हणजे मी घरात, आणि मी घरात म्हणजे बघायला येणाऱ्यांसमोर. मास्तरांना दुसऱ्या दिवशी सांगितलं. ते म्हणाले, "नाना, तुम्ही फिजूल घाबरता. ऐका तर सही. सरकार जातं आहे, माणसं तर अजून पलंग बांधताहेत."

नानांना काही कळलं नाही. मलाही नाही.

मास्तर त्याच संध्याकाळी कंपूतून एका क्लार्कला धरून घेऊन आले. त्याची बदली भोपाळला झाली होती, तिथं क्वार्टर दीड खोलीचं, आणि इथं घरात सासऱ्यानं दिलेला छपरी पलंग. तो कुणाला विकावा हे त्याला समजत नव्हतं. मास्तरांनी खिशातून थैली काढली आणि स्वतः उभं राहून ओळ जुळवली: "भोपाल जा रहे हैं." खाली साध्या खिळ्यांत पलंग, झोपाळा, कपाट आणि पत्ता. मी पिशवी घेऊन गल्लीतून चालून आले. पाय अडला नाही. पत्रकं नया बाजारात लागली आणि दुसऱ्या दिवशी पलंग गेला. क्लार्क पेढे घेऊन आला. त्याच्यामागून त्याचे तीन सहकारी आले, प्रत्येकाचा सासरा उदार.

त्यानंतर दिवाळीपर्यंत आमचं मशीन थंड झालं नाही. आमच्या लश्कर भागातलं निम्मं सामान आमच्या गल्लीतून गेलं म्हणायला हरकत नाही. विकणारे आले, मग सामान वाहणारे ट्रकवाले आले, निरोपाच्या समारंभांचे आयोजक आले, घर भाड्यानं देणारे आले. सगळ्यांना तीच अक्षरं हवीत. एका बाईंनी दुसरीकडून सरळ अक्षरांत पत्रक छापून घेतलं होतं. त्या तक्रार घेऊन आमच्याकडे आल्या. "हमारी अलमारी कोई देखने तक नहीं आया. लोग समझे हम यहीं रहेंगे, दाम गिरा देंगे." मास्तरांनी नानांकडे पाहिलं. नानांनी प्रुफाकडे पाहिलं.

"सरकार गेलं आणि तुम्ही त्याच्या पलंगांवर छापखाना चालवता आहात," नाना म्हणाले.

"मग जमिनीवर चालवू? थंडी येते आहे."

त्या धामधुमीत एक कापडवाले सेठ धापा टाकत आले. त्यांच्या दुकानावर कुणीतरी भोपाळचं पत्रक चिकटवलं होतं. ते पाहून गिऱ्हाइकं उधारी बुडवायला लागली आणि शेजारी दुकानाची मापं घ्यायला. "मास्टरजी, छापो. हम कहीं नहीं जा रहे. खूब बड़े अक्षर में." मास्तरांनी थैली काढली नाही. ते नानांना म्हणाले, "नाना, हे काम तुमचं. मिस्त्रीचा संच काढा." कपाटात पडून राहिलेली ती सरळ लाकडी अक्षरं नानांनी धूळ पुसून काढली आणि स्वतःच्या हातानं जुळवली. "हम कहीं नहीं जा रहे." एकेक अक्षर खांबासारखं. नाना गल्लीत गेले, पत्रकासमोर उभे राहिले आणि उभं राहूनच वाचलं. त्या दिवसानंतर त्यांनी मिलचं नाव काढलं नाही. पुढं लश्करात जे थांबले त्यांचीही पत्रकं निघाली. वकील, डॉक्टर, सोनार, सगळ्यांना सांगायचं होतं की आम्ही इथंच आहोत. जाणारे मास्तरांकडे, राहणारे नानांकडे. छापखाना तरला.

मग मास्तरांच्या मुलाची बदली झाली. तो खजिन्यात होता. म्हाताऱ्या आईबापांना मागं ठेवायला तयार नव्हता. काकू खूश होत्या, भोपाळला तळं आहे म्हणून. मास्तर एके सकाळी नेहमीसारखे सरळ येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "आमच्याकडंही एक झोपाळा आहे."

ओळ त्यांनी स्वतः जुळवली. नाना म्हणाले, राहू द्या, मी करतो, तर म्हणाले, "तुम्ही केलीत तर आम्ही इथंच राहू." पत्रक गल्लीच्या तोंडाशी लावलं. मी पिशवी उचलली तेव्हा त्यांनी ती माझ्या हातातून घेतली आणि स्वतः गल्लीच्या टोकाला गेले. नाना आणि मी दारात उभे. मास्तर झपाझप चालत आले, भिंतीकडे पाहिलं, पाय थांबला नाही. आमच्यापुढून गेले, वळणावरून बाजारात गेले. आम्ही वाट पाहिली. ते संध्याकाळपर्यंत परत आलेच नाहीत. नाना एवढंच म्हणाले, "अक्षर पास झालं." संध्याकाळी मास्तर आले ते पिशवीभर वांगी घेऊन. आईला देत म्हणाले, "इतकी वर्षं ही पिशवी रिकामीच फिरत होती, वहिनी."

स्टेशनवर त्यांनी थैली नानांना दिली नाही, मला दिली. नानांना ते लागलं असावं, पण गाडीचा वेळ होता. "कुसुम, अक्षरं कुणीही बसवील," मास्तर म्हणाले. "या पाचरी नाही म्हणायला आहेत. तुझ्या वडिलांना नाही म्हणता येत नाही, ते नुसते रागावतात." मग खिडकीतून काकूंचा हात आला आणि त्यांना आत ओढून घेतलं, कारण जागा पकडायची होती.

मी ती थैली वापरली. तिरक्या अक्षरांतली पहिली लग्नपत्रिका मी नाकारली तेव्हा मला वीस वर्षंही पूर्ण नव्हती. पुढं बघायला आलेल्या दोन मंडळींनाही मीच नाही म्हटलं. तिसऱ्यांना हो म्हटलं, कारण त्यांना छापखाना चालवणारी चालत होती. मास्तर भोपाळला अकरा-बारा वर्षं होते. तळ्याकाठच्या भाड्याच्या होड्यांची नावं त्यांनी रंगवली असं ऐकलं. सगळ्या होड्या बांधून ठेवल्या तरी निघाल्यासारख्या दिसत म्हणे. ते गेल्याचं मुलाचं कार्ड आलं, सरळ अक्षरांत. नाना ते वाचून म्हणाले, "मुलावर काही परिणाम झालेला नाही."

आज खण शेवटी हातोडीनं ठोकून सरळ केला. आत पोत्यात अक्षरं, कडेला थैली. पाचरी सगळ्या आहेत, एक उंदरानं कुरतडली आहे. मी कपाटावरची धूळ झाडली, अक्षरं हातगाडीसाठी काढलेल्या ढिगात ठेवली आणि घरी जाऊन स्वयंपाक केला.

चार नोव्हेंबर. सकाळी भंगारवाल्याच्या आधी पोचले. जुनं ट्रेडल मशीन अजून हललं नव्हतं. पोतं ढिगातून ओढून काढलं, ओळ जुळवली, कुरतडलेल्या पाचरीला पुठ्ठ्याची पट्टी लावली आणि आवळलं. "छापखाना पीछे की सड़क पर गया है." थोडीच पत्रकं काढली, गिऱ्हाइकांनी चुकू नये म्हणून. एक गल्लीच्या तोंडाशी लावलं. तेवढ्यात भंगारवाला आला. शिसं त्याला मोजून दिलं. लाकडी अक्षरांकडे त्यानं हात केला तेव्हा मी नाही म्हटलं. नव्या जागेला माळा आहे, तिथं राहतील, आणि ऑफसेटलाही मूळ अक्षर कुठूनतरी आणावं लागतंच. मग थैली पर्समध्ये टाकली, भाजीची पिशवी घेतली आणि गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन परत फिरले. झपाझप आले, भिंतीकडे पाहिलं. पाय थांबला नाही. तशीच वळणावरून मागच्या रस्त्यावर गेले आणि नवं दुकान उघडलं.